पाणी येण्याआधीची पिशवी

२२ जुलै २०२१. वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले. वीज गेली, मोबाईलचे नेटवर्कही गेले. माणसे वरच्या मजल्यांवर आणि छतांवर अडकली. जीव वाचवायला वर धावताना कपाटातली कागदपत्रे आणि दादीच्या बीपीच्या गोळ्या खालीच राहिल्या, असे किती घरांत झाले असेल!

संकट आले की आपला तरुण धावून जातो. मशिदी उघडतात, देगा चढतात, चिखल उपसायला मोहल्ल्यातली पोरे उतरतात. याचा आम्हाला अभिमान आहे. पण संकटाच्या आदल्या दिवशी आपण काय करत असतो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

"जे नशिबात असेल ते होईल," असे म्हणणे म्हणजे तवक्कुल नव्हे. हजरत नूह (अलै.) यांनी जहाज बांधले ते पूर येण्याआधी, कोरड्या जमिनीवर. लोक हसत होते तरी ते बांधत राहिले. आधी तयारी, मग अल्लाहवर भरवसा.

आपली तयारी एका पिशवीइतकी आहे. त्यात काय हवे? टॉर्च, चार्ज केलेली पॉवर बँक, शिट्टी, पाण्याची बाटली, खजूर-चणे, ओआरएसची पाकिटे, मलमपट्टी, सॅनिटरी पॅड, घरातल्या आजारी माणसाची किमान ३ दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी. इन्सुलिनचा साठा फ्रीजमध्ये ठेवावा लागतो, म्हणून पिशवीवर ठळक अक्षरांत लिहा, "फ्रीजमधून इन्सुलिन घ्या." नेटवर्क गेले की यूपीआय चालत नाही, म्हणून सुट्या नोटा ठेवा. जवळच्यांचे नंबर कागदावर लिहा. सोबत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

कागदपत्रांचे महत्त्व आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शैख', तेवढ्यावरून किती खेटे घालावे लागतात, हे घरोघरी ठाऊक आहे. मूळ कागदच वाहून गेला तर? जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, घराचे कागद, बँक पासबुक यांच्या प्रती प्लास्टिकच्या बंद पाकिटात पिशवीत ठेवा. जे दाखले डिजिलॉकरमध्ये मिळतात ते आजच घ्या. मूळ कागद माळ्यावर, एकाच ठिकाणी असू द्या.

पिशवी दाराजवळ, उंच खुंटीला टांगा. घरातल्या सर्वांत लहान मुलालाही ती कुठे आहे हे माहीत हवे. वर्षातून दोनदा उघडून पाहा: एकदा रमजानमध्ये जकातीचा हिशेब करताना, एकदा मृग लागण्यापूर्वी. मुदत संपलेली औषधे बदला.

आणि रोजच्या बॅगेलाही विसरू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा हजारो मुंबईकर घराबाहेर होते. पाणी, थोडे खाणे, चार्जर आणि स्वतःची औषधे एवढे तरी कॉलेजच्या, कामाच्या बॅगेत असावे.

येत्या जुम्याला एक काम करा. आपली पिशवी भरा आणि शेजारच्या घरी एकट्या राहणाऱ्या आजीचीही भरून द्या. आजी कोणत्या धर्माची आहे, हे पाणी विचारत नाही; आपणही विचारू नये.