सुई फिरविण्यापूर्वी

मूळ मोटारीच्या एक-अष्टमांश आकाराच्या, मातीच्या चढउतारांवरून उड्या घेत धावणाऱ्या दूरनियंत्रित गाड्यांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अंतिम फेरी पूर्ण एक तास चालते. आणि या तासभरात, उंच मंचावरून रिमोटने गाडी हाकणाऱ्या चालकावर सर्व प्रेक्षकांची दृष्टी खिळलेली असताना, खाली धावपट्टीच्या कडेला एक मनुष्य इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन उभा असतो. टाकीत 125 घन सेंटिमीटरहून अधिक इंधन ठेवण्यास नियमाने मनाई असल्यामुळे दर काही मिनिटांनी गाडी त्याच्यापुढे येते. तो ती उचलतो, इंधन भरतो आणि क्षणार्धात पुन्हा वाटेला लावतो. विजेत्यांच्या यादीत त्याचे नाव क्वचितच झळकते. तथापि माझे स्पष्ट मत असे आहे की, अशा शर्यतीचा निकाल पुष्कळ अंशी त्याच्याच हातून, आणि तोही शर्यतीच्या कित्येक दिवस आधी कामाच्या टेबलावर, लागलेला असतो. म्हणूनच आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून जी तरुण मंडळी या खेळाकडे वळत आहेत त्यांना वेगाचे धडे देण्यापूर्वी इंजिनाची निगा शिकविली गेली पाहिजे.

हे इंजिन अवघे साडेतीन घन सेंटिमीटर क्षमतेचे, मुठीत मावेल एवढे. परंतु मिनिटाला 30,000 फेऱ्या घेणे हा त्याचा नित्याचा व्यवहार असून, दोन घावांचे असल्यामुळे त्या गतीला त्याच्या पोटात सेकंदाला 500 स्फोट होत असतात. ठिणगी टाकणारी कोणतीही विद्युत्‌योजना त्यात नाही. रे आर्डेन या अमेरिकन गृहस्थांनी 1947 साली बाजारात आणलेला ग्लो प्लग येथे ठिणगीचे काम करतो: त्यातील प्लॅटिनममिश्रित तारेचे वेटोळे आरंभी बॅटरीने तापविले जाते, आणि बॅटरी काढून घेतल्यानंतर इंधनातील मिथेनॉलच्या बाष्पांवर होणाऱ्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरक क्रियेने, तसेच प्रत्येक स्फोटाच्या उष्णतेने, ते आपोआप लाल राहते. स्फोटाची वेळ ठरविणारे स्वतंत्र यंत्र नसल्यामुळे प्लगची जात, दाबाचे प्रमाण, इंधन आणि हवा यांचे परस्पर जुळणे हीच त्या इंजिनाची घटिका होय, आणि म्हणून येथे एकही गोष्ट दुसरीला न विचारता बदलता येत नाही.

निगेचा पहिला आणि सर्वांत उपेक्षित प्रश्न इंजिन बसविण्याचा, म्हणजे नव्या इंजिनाला प्रथम चालवून त्याचे भाग एकमेकांशी रुळविण्याचा आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि त्याभोवतीची स्लीव्ह क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेची. शिवाय ती स्लीव्ह वरच्या टोकाकडे किंचित निमुळती केलेली असते, इतकी की थंड इंजिनात पिस्टन माथ्याशी आला म्हणजे तेथे चक्क अडकतो. हा दोष नव्हे, ही योजना आहे: कामाच्या उष्णतेला पितळ अधिक फुगते, वरचा भाग सैल होतो आणि पिस्टनला नेमकी हवी तेवढीच जागा मिळते. असे असता, टाक्यांमागून टाक्या अतिरिक्त इंधनावर, म्हणजे थंडच, इंजिन नुसते घरघरत ठेवावे असा जो शिरस्ता बरीच वर्षे चालत आला आहे, तो मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. थंड स्लीव्हमधून पिस्टन बळेच ओढला गेला की ज्या घट्टपणावर इंजिनाचा दाब आणि आयुष्य अवलंबून आहे तोच घासून जातो, आणि इंजिन शर्यत पाहण्यापूर्वीच म्हातारे होते. इंजिन आधी 80-90 अंश सेल्सियसपर्यंत बाहेरून तापवावे, मग सुरू करावे, कामाच्या तपमानाला आणून थोडा वेळ चालवावे, पिस्टन खाली आणून थंड होऊ द्यावे आणि हा क्रम पुनःपुन्हा करावा. यात वेळ जातो हे खरे, पण तो वाचविण्याची घाई इंजिनाच्या आयुष्यातून वसूल होते.

त्यानंतर सुयांचा विषय येतो. कार्ब्युरेटरवर एक सुई पूर्ण गतीच्या इंधनाची, दुसरी मंद गतीची, आणि एक स्क्रू मोकळ्या चालीचा. सुई उजवीकडे फिरविली की इंधन घटते, डावीकडे फिरविली की वाढते. यापलीकडे तिच्यावर कोणताही विश्वसनीय आकडा नसतो, कारण योग्य स्थान इंजिनागणिक आणि दिवसागणिक निराळे असते. जाणता मनुष्य नेहमी अधिक इंधनाच्या बाजूने आरंभ करतो आणि एका वेळी वेढ्याच्या अष्टमांशाहून अधिक फिरवीत नाही. मंद गतीची सुई पारखावयाची तर मोकळ्या चालीत इंधनाची नळी चिमटीत दाबून धरावी: गती किंचित चढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडले तर मिश्रण ठीक, तत्काळ बंद पडले तर इंधन कमी, आणि बराच वेळ गुरगुरत राहिले तर अधिक.

येथे एक गोष्ट नवशिक्याच्या मनावर बिंबविलीच पाहिजे. या इंजिनाला निराळे तेल नसते. वंगण इंधनातच मिसळलेले असते. साहजिकच थोड्या अधिक वेगाच्या मोहाने जो सुई आवळतो तो मिश्रण तर विरळ करतोच, पण त्याच क्षणी पिस्टनचे तेलही तोडतो. तपमान चढते तेव्हाच वंगण आटते. नळीतून निघणारी धुराची बारीक रेघ दिसेनाशी झाली, सरळ पट्टीवर गाडी सुसाट जाऊन अखेरीस अडखळली, की ती इंजिनाची फिर्याद आहे असे समजून सुई तत्काळ मोकळी करावी. तपमापकाचा उपयोग मी नाकारीत नाही. डोक्यावरचे तपमान साधारणतः 100 ते 130 अंशांच्या दरम्यान असावे हे सांगणेही योग्यच. परंतु एकाच तपमानाला एक इंजिन सुखात असते आणि दुसरे संकटात. म्हणून शेवटचा निवाडा कानाने आणि धुराने करावा.

हवेचा हिशेब तर अधिकच सूक्ष्म आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच. तेथील हवेचा दाब मुंबईहून सुमारे 6 टक्के कमी. पुण्याच्या विरळ हवेत ज्याने सुया जुळविल्या आणि त्या तशाच ठेवून तो मुंबईच्या मैदानात उतरला, त्याच्या इंजिनाला, हवामान एरवी सारखेच धरले तरी, हवा अधिक आणि इंधन त्या मानाने अपुरे मिळेल. घाट उतरला की सुई मोकळी करून पुन्हा आरंभापासून तपासणे हाच सुरक्षित मार्ग होय. इंधनाची बाटली बदलली तरी हेच: नायट्रोमिथेन स्वतःच प्राणवायू बाळगून असल्यामुळे त्याचे प्रमाण वाढले की तेवढ्याच हवेत अधिक इंधन जळू शकते, आणि सुई त्याप्रमाणे उघडावी लागते.

राहिली धूळ आणि गंज. फिल्टरच्या फोमला तेल लावलेले नसेल, अथवा त्याच्या जोडातून केसाएवढी फट राहिली असेल, तर मातीचे कण अल्पावधीत स्लीव्हचा निकाल लावतात. शर्यत संपल्यावर इंजिनात इंधन ठेवून घरी जाणे हाही तेवढाच मोठा अपराध आहे. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते, नायट्रोमिथेनच्या अवशेषांपासून आम्ल तयार होते, आणि बेअरिंगांना गंज चढतो. टाकी रिकामी करावी, उरलेले इंधन इंजिन चालवूनच जाळावे, ते ऊनऊन असतानाच आत तेलाचे काही थेंब सोडून हाताने फिरवावे. कोकणातल्या पावसाळी हवेत ज्यांना हा खेळ खेळावयाचा आहे त्यांनी यात तर यत्किंचितही हयगय करू नये.

आता विजेच्या मोटारींनी ही सारी दगदग निरर्थक ठरविली आहे, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. आणि त्यात तथ्यही आहे, कारण त्या गाड्या वेगवान आहेत, वस्तीजवळ त्यांचा गोंगाट नाही आणि बॅटरी जोडली की त्या धावू लागतात. ज्याला केवळ हाकण्याचाच आनंद हवा आहे त्याने त्याच घ्याव्यात. पण उष्णता, हवा, घर्षण आणि इंधन यांचे नाते पुस्तकाबाहेर, स्वतःच्या बोटांनी पडताळून पाहण्याचे एवढे स्वस्त आणि एवढे प्रामाणिक साधन विद्यार्थ्याला अन्यत्र सहसा मिळावयाचे नाही. मुंबईत पवईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये अशा इंधनावर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती झाल्या आहेत, आणि विद्यार्थी स्वतः सांगाडे बांधून त्यांत उतरले आहेत, ही मला अत्यंत समाधानाची गोष्ट वाटते.

मात्र त्यासोबत एक कठोर खबरदारी हवी. या इंधनाचा मुख्य घटक मिथेनॉल, म्हणजे ज्याने 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक जीव घेतले तेच विष. ते त्वचेवाटेही अंगात भिनते, त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. युरोपीय संघाने तर वजनाच्या 16 टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेली द्रव्ये 2021 पासून सामान्य ग्राहकांसाठी निर्बंधित केली आहेत, कारण स्फोटके बनविण्यासही ते उपयोगी पडते. म्हणून महाविद्यालयांनी हे इंधन कुलपात ठेवावे, त्याच्या आवकजावकीची नोंदवही ठेवावी, ते पेयाच्या बाटलीत भरण्यास सक्त मनाई करावी आणि भरताना हातमोजे सक्तीचे करावेत.

स्पर्धांच्या आयोजकांपुढे माझी सूचना अशी आहे. शर्यतीपूर्वीच्या तपासणीत गाडीचे माप आणि वजन घेतले जाते, तेथेच प्रत्येक संघाने आपले इंजिन कसे बसविले, किती टाक्या चालविले आणि कोणत्या दिवशी कोणत्या हवेत सुया कोठे होत्या याची वही दाखवावी. अंतिम फेरी संपल्यावर पहिल्या काही क्रमांकांच्या गाड्यांची इंजिने परीक्षकांसमोर उघडावीत; फिल्टर, प्लगची तार, पिस्टनचा माथा आणि बेअरिंगे पाहून निगेचे स्वतंत्र गुण द्यावेत, आणि ते वेगाच्या गुणांत मिळवूनच विजेता जाहीर करावा. प्रशस्तिपत्रावर चालकाच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, इंजिन सांभाळणाऱ्याचेही नाव असावे.