समुद्रातील समाधी आणि भंगाराचा बाजार

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. समुद्रतळावरील ते लोखंड ही त्यांची समाधी आहे. पण आपला १९७२ चा पुरावस्तू कायदा सामान्यतः शंभर वर्षांच्या वस्तूलाच पुरावस्तू मानतो. 'खुकरी' त्या वयाची नाही. नौकेवर सरकारची मालकी राहते हे खरे. परंतु मालकी म्हणजे जतन नव्हे.

हा धोका काल्पनिक नाही. १९४२ साली जावा समुद्रात बुडालेल्या तीन डच युद्धनौकांपैकी दोन संपूर्ण नाहीशा झाल्या आहेत व तिसरीचा मोठा भाग गेला आहे, हे २०१६ मध्ये उघडकीस आले. भंगारातील पितळ-पोलादाला भाव होता, मृतांना नव्हता.

मग विनापरवाना बाहेर काढलेल्या वस्तूंचे काय करावे? चोरीच्या मालाला संग्रहालयाने हात लावू नये, असे काही नीतिमान म्हणतात. तसे केले तर ती वस्तू भट्टीत जाते किंवा कोणाच्या दिवाणखान्यात कुजते. खाऱ्या पाण्यात मुरलेले लोखंड उघड्यावर आले की आतील क्षारांमुळे पापुद्रे धरून फुटते; ते क्षार काढण्यास महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षे लागतात. दुसरे म्हणतात, सरकारने वस्तू विकत घ्याव्यात. पण खरेदीदार उभा राहिला की पुरवठा वाढतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. उद्या त्याच पैशासाठी आणखी एक समाधी फोडली जाईल.

आमच्या मते मार्ग तिसरा आहे. वस्तू बिनमोल स्वीकारावी, तिची नोंद करावी, शास्त्रीय उपचार करून ती जनतेच्या संग्रहालयात ठेवावी. ब्रिटनने २००१ साली ठरावीक मुदतीची माफी जाहीर केली, तेव्हा लोकांनी हजारो वस्तूंची माहिती दिली. आपणही एकदाच अशी मुदत द्यावी. त्यानंतर मात्र कारवाई व्हावी, आणि ती आधी व्यापाऱ्यावर, रोजंदारीवर बुडी मारणाऱ्यावर नंतर.

१९३० साली बिळाशीच्या शेतकऱ्यांनीही जंगलचा कायदा मोडला होता, त्यांना आपण वंदन करतो, मग हा भेद का, असे शिराळ्यातील एखादा कार्यकर्ता विचारील. भेद उघड आहे. बिळाशीकरांनी सर्वांचा हक्क सर्वांसमक्ष मागितला. भंगारवाला सर्वांची स्मृती अंधारात विकतो.

विशाखापट्टणमजवळ बुडालेल्या पाकिस्तानी 'गाझी'चा सांगाडा २०२४ मध्ये आपल्या नौदलाला सापडला, तेव्हा मृतांचा मान राखून त्याला हात लावला गेला नाही. शत्रूच्या समाधीला दाखवलेली ही सभ्यता कायद्यात उतरवा, ही मागणी आपल्या कार्यकर्त्यांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमार संस्थांना बरोबर घेऊन लावून धरली पाहिजे.