दाखल कोणाला म्हणावे?

जून २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्बंध शिथिल करण्यासाठी पाच स्तर ठरविले. बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजनच्या किती खाटा व्यापल्या आहेत, हे दोन त्याचे निकष. मुदखेडच्या बाजारपेठेतील दुकान किती वाजता बंद व्हावे, याचा निर्णय अशा रीतीने नांदेड जिल्ह्यातील खाटांवर येऊन ठेपला. ज्या आकड्यावर माणसांची रोजी अवलंबून, तो आकडा नेमका कशाचा, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला असलाच पाहिजे.

मुळात 'दाखल' हा शब्द दिसतो तितका सरळ नाही. केंद्र शासनाने एप्रिल २०२० मध्ये उपचारांची त्रिस्तरीय व्यवस्था केली : सौम्य रुग्णांसाठी काळजी केंद्र, मध्यमांसाठी आरोग्य केंद्र, गंभीरांसाठी रुग्णालय. मुदखेडचा एखादा रुग्ण आधी तालुक्यातील केंद्रात राहिला आणि श्वास लागू लागताच नांदेडला हलविला गेला, तर दोन नोंदवह्यांत त्याचे नाव लागते. नोंदींची बेरीज केली, तर एकाचे दोन होतात. केवळ रुग्णालय मोजले, तर काळजी केंद्रात राहिलेले सर्व जण हिशेबातून गळतात.

शिवाय रोग तोच राहून नियम बदलला, तरी आकडा बदलतो. मे २०२० मध्ये सौम्य रुग्णांना फेरतपासणीविना घरी सोडण्याची मुभा मिळाली आणि खाटा लवकर रिकाम्या होऊ लागल्या. मे २०२१ मध्ये राज्यातील १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करण्याचे ठरले. तेव्हा घरी राहू शकणारेही केंद्रांत मोजले जाणे ओघानेच आले. विमा कंपन्यांची फूटपट्टी आणखी निराळी होती. 'कोरोना कवच'साठी २४ तासांचे वास्तव्य पुरे होते, 'कोरोना रक्षक'साठी ७२ तास आवश्यक होते!

हा घोळ केवळ आपल्याकडचा नव्हे. अन्य कारणाने रुग्णालयात आलेला, पण तपासणीत बाधित निघालेला रुग्ण कोरोनाचा मानावा काय, हा प्रश्न इंग्लंडलाही पडला. तेथे २०२१ मध्ये कोरोनासाठी उपचार घेणारे आणि कोरोनासह अन्य उपचार घेणारे, असे दोन आकडे वेगळे देण्यास आरंभ झाला.

अर्थशास्त्रात साठा आणि प्रवाह यांची गल्लत अक्षम्य मानतात. व्यापलेल्या खाटा हा साठा, नवे दाखल रुग्ण हा प्रवाह. खाटा वाढविल्या की व्याप्तीची टक्केवारी उतरते, रोग मात्र तसूभरही उतरत नाही. म्हणून नवे दाखल, अन्यत्र हलविलेले आणि त्या दिवशी खाटेवर असलेले हे तीन आकडे, व्याख्येसह, तालुकावार स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले पाहिजेत. पुढील साथ येईपर्यंत यासाठी थांबण्याचे कारण नाही.