परक्या देशीं भिंत बांधावयास जाणें

मेहकराहून एका वृद्ध वाचक भगिनींनीं आम्हांस पत्र लिहिलें आहे. त्यांचा नातू अमेरिकेंत कॉलेजांत शिकतो. त्याच्या सहाध्यायांची एक चर्चमंडळी सुटींत दोन आठवडे होंडुरास देशीं शाळेची इमारत बांधावयास जात आहे, आणि 'मीही जातों' असें त्यानें फोनवर कळविलें. खर्च ज्याचा त्यानें करावयाचा. मुलाचे आईबाप गप्प आहेत. आजींस मात्र झोंप नाहीं. 'तो धर्म तर सोडणार नाहीं ना? आणि ज्यानें घरीं पाण्याची कळशी कधीं उचलली नाहीं, तो तिकडे विटा काय उचलणार?' असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. आम्हांस दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो.

पहिल्या प्रश्नामागची भीति आमच्या बुलढाणा जिल्ह्यास नवी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मिशनरी खामगांवास येऊन राहिले. इ. स. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनांनीं निराधार मुलें पोसलीं, शिकविलीं, आणि त्यांतलीं बरींच ख्रिस्ती झालीं. पोसलीं हें खरें आणि धर्म पालटला हेंही खरें. त्यांतलें एकच सांगणारा आम्हांस प्रामाणिक वाटत नाहीं. पण हा नातू उपाशी नाहीं कीं निराधार नाहीं. सायंकाळच्या चार प्रार्थना ऐकून तो बिघडेल असें आम्हांस वाटत नाहीं. भीति बाळगावयाचीच तर ती त्या गांवच्या गरिबांविषयीं बाळगावी. शाळेंत मूल घालावयाचें तर प्रवचन ऐकावें लागेल, अशी अट तेथें आहे काय, हें नातवानें आधीं विचारून घ्यावें.

आतां विटांविषयीं. होंडुरासमध्यें इ. स. १९९८ च्या 'मिच' वादळानें हजारों घरें नष्ट झालीं, आणि उत्तर अमेरिकेंतून चर्चमंडळ्या घरें बांधण्यासाठीं तिकडे धांवल्या. कर्ट व्हर बीक ह्या समाजशास्त्रज्ञानें, जे स्वतः ख्रिस्ती असून तेथेंच राहात असत, मागाहून त्याचा हिशेब तपासला. पाहुण्यांनीं बांधलेलें एक घर, त्यांचा प्रवास व मुक्काम धरून, सुमारें ३०,००० डॉलरांस पडलें. तेथील संस्थांनीं स्थानिक लोकांकडून बांधविलेलें घर सुमारें २,००० डॉलरांत उभें राहिलें. घर कोणीं बांधलें ह्यामुळें आंत राहणाऱ्या कुटुंबांच्या स्थितींत कांहीं फरक पडलेला त्यांना आढळला नाहीं. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें, गणित नव्हे. पण एका घराच्या पैशांत पंधरा घरें झालीं असतीं, एवढा भागाकार आम्हांसही येतो. शिवाय त्या देशांतला गवंडी हात जोडून बसला असेल तो वेगळाच.

मग जाऊंच नये काय? तसेंही आमचें म्हणणें नाहीं. इ. स. २००६ सालीं आपल्याच लोणावळ्याजवळ 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ह्या ख्रिस्ती संस्थेनें आठवड्याभरांत शंभर घरें उभारण्याचें काम काढलें. देशोदेशींचे सुमारें दोन हजार स्वयंसेवक आले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर वयाच्या ८२ व्या वर्षीं सपत्नीक त्यांच्यांत राबत होते. इ. स. १९७६ मध्यें स्थापन झालेल्या ह्या संस्थेची रीत आम्हांस आवडते. घर फुकट मिळत नाहीं. घरवाल्यानें अंगमेहनत करावयाची, खर्च हप्त्यानें फेडावयाचा. संस्थेचें मूळ तत्त्व असें कीं, गरिबाकडून नफा घेऊं नये आणि व्याजही, ज्याला आपले स्मृतिकार कुसीद म्हणतात, तें घेऊं नये. घर देतांना धर्म पाहात नाहींत. घरवाला व पाहुणा एकच घमेलें दोहों बाजूंनीं उचलतात, तेथें कोणास भिक्षा घेतल्यासारखें वाटण्याचें कारण उरत नाहीं.

ह्याच कार्टरांच्या मातोश्री लिलियनबाई इ. स. १९६६ मध्यें, वयाच्या ६८ व्या वर्षीं, अमेरिकन सरकारच्या पीस कोअरतर्फे आपल्या विक्रोळीस आल्या आणि जवळजवळ पावणेदोन वर्षें परिचारिकेचें काम करीत राहिल्या. (आमच्या वयाच्या निवृत्त मंडळींनीं हा आंकडा पुन्हा एकदां वाचावा.) त्यांनीं भिंत बांधली नाहीं, जें काम त्यांना येत होतें तें त्यांनीं केलें. नातवास कोणतें काम येतें?

बहुधा कोणतेंच येत नाहीं, आणि त्याचा दोष आम्ही त्याला देत नाहीं. विहीर, तळें, देऊळ, बाग ह्यांस शास्त्रांत पूर्त म्हणतात. आमच्या घराण्यांनीं पूर्त केलें तें पैशानें; चुना कालविणारे हात सदैव दुसऱ्याचे. आपल्या शेगांवीं श्रीगजानन महाराजांच्या संस्थानांत मात्र सेवेकरी पाळीपाळीनें येतात, वेतन न घेतां झाडतात, वाढतात, भाविकांची व्यवस्था पाहतात. आजीबाईंनीं तें डोळ्यांनीं पाहिलेंच असेल. घमेलें उचलण्याची लाज नातवास वाटत नाहीं, ह्याचा आम्हांस आनंद वाटतो. ही संवय त्यास ख्रिस्ती मित्रांच्या संगतीनें लागत असली तरी तिला नांवें ठेवूं नयेत.

तेव्हां आजीबाईंनीं होकार द्यावा, पण फोनवर आणखी चार गोष्टी विचाराव्या. शाळा तेथेंच हवी असें गांवानें म्हटलें कीं चर्चनें ठरविलें? मुख्य गवंडी गांवचा आहे काय, आणि त्यास मजुरी मिळते काय? पुढें छप्पर गळलें तर दुरुस्ती कोण करणार? मास्तरांचा पगार कोण देणार? हीं उत्तरें नसतील, तर नातवानें तिकिटाचे पैसे त्या गांवच्या शाळेस पाठवावे आणि सुटींत मेहकरास यावें. येथेंही पावसाळ्यापूर्वीं शाकारावयाचीं घरें पुष्कळ आहेत.