बासष्ट किलोमीटरचा लिटर

डिसेंबर २०२२मध्ये बीएमडब्ल्यूने 'एक्सएम' ही प्लग-इन हायब्रिड गाडी भारतात आणली. शोरूमची किंमत दोन कोटी साठ लाख. बॉनेटखाली ४.४ लिटरचे, आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, जोडीला विजेची मोटर, दोन्ही मिळून ६५३ अश्वशक्ती आणि वजन पावणेतीन टनांच्या आसपास. असल्या धुडाला पेट्रोल किती लागत असेल? युरोपातल्या प्रमाणित चाचणीचा कागद म्हणतो, शंभर किलोमीटरला १.५ ते १.६ लिटर. म्हणजे लिटरला बासष्टच्याही वर. शंभर सीसीच्या मोटारसायकलीच्या पंक्तीत बसवावे असे अ‍ॅव्हरेज!

त्याच कागदावर, त्याच ओळीत आणखी एक आकडा असतो : शंभर किलोमीटरला २९ ते ३० युनिट वीज. पहिला आकडा गाडीच्या गप्पांपर्यंत पोहोचतो, दुसरा वाटेतच गळतो. आमच्या इंदुरात 'कितना देती है' हे गाडी घ्यायची नसली तरी विचारतात, आणि त्या प्रश्नाला एकाच आकड्याचे उत्तर लागते. म्हणून आधीच सांगून टाकतो. प्लग-इन हायब्रिडला 'लिटरमागे किलोमीटर' हे माप लावणे ही शुद्ध फसवणूक आहे, मग ती नियमाच्या चौकटीत बसवलेली का असेना. पण या आकड्यावर चिडून गाडीलाच फसवी ठरवणारेही तितकेच चुकतात. इंदूरसारख्या शहराला प्लग-इन गाडी शोभेल. फक्त तिची किंमत आणि तिच्यावरचा कर, दोन्ही तिच्या विजेच्या पल्ल्याला बांधलेले हवेत.

आपल्या रस्त्यांवर दिसणाऱ्या ग्रँड विटारा किंवा इनोव्हा हायक्रॉस या साध्या हायब्रिड गाड्या. त्यांना बाहेरून चार्ज करता येत नाही. ब्रेक दाबताना आणि इंजिन चालू असताना जी वीज तयार होते तीच त्या वापरतात. ग्रँड विटाराची हायब्रिड बॅटरी एका युनिटचीसुद्धा नाही. प्लग-इनची बॅटरी मोठी, कधी सहा युनिटची, कधी पंचवीस. रात्री घरी प्लग लावायचा, दिवसा विजेवर हिंडायचे, वीज संपली की पेट्रोलचे इंजिन आहेच.

आता असा आकडा शिजतो कसा ते पाहू. जुन्या युरोपीय चाचणीचे सूत्र असे होते (आपले भारतीय चाचणीचक्रही त्याच घराण्यातले). गाडी एकदा भरल्या बॅटरीवर मोजायची, एकदा रिकाम्या बॅटरीवर. मग असे गृहीत धरायचे, की बॅटरी संपल्यावर माणूस आणखी २५ किलोमीटर जातो आणि पुन्हा प्लग लावतो. या २५ला कुणाच्याही दिनक्रमाचा आधार नाही. एक कल्पित गाडी घ्या, विजेवर ५० किलोमीटर जाणारी आणि पुढे पेट्रोलवर लिटरला १५ देणारी. पंचाहत्तर किलोमीटरच्या या हिशोबात पेट्रोल जळले पंचवीस किलोमीटरचे, म्हणजे १.६७ लिटर. भागाकार करा : लिटरला ४५! आता बॅटरी दुप्पट करा, विजेचा पल्ला १०० होऊ द्या. त्याच सूत्राने उत्तर येते ७५. इंजिन तेच, लिटरला पंधराच देणारे.

तीच गाडी रस्त्यावर आणा. राजेंद्रनगरहून राजवाड्याला रोज जा-ये केली आणि रात्री चार्ज केली, तर पेट्रोल जवळजवळ शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून अ‍ॅव्हरेज अनंत म्हणा. भोपाळला गेलात, साधारण १९० किलोमीटर, तर पहिले पन्नास वजा जाता लिटरला वीस. पुण्याला निघालात, मानपूरचा घाट, सेंधवा, बिजासन, धुळे करत सुमारे सहाशे किलोमीटर, तर लिटरला सोळा. त्यात मे महिना असेल आणि एसी जोरात असेल तर सोळाही कठीण, कारण आपल्याकडची चाचणी एसी बंद ठेवून होते आणि तिच्यातला कमाल वेग ताशी ९० आहे. सोळापासून अनंतापर्यंत काहीही होऊ शकणाऱ्या गोष्टीला पंचेचाळीस हा एकच आकडा देऊन टाकायचा, आणि त्याला कार्यक्षमता म्हणायचे!

कंपन्यांची बाजू घेणारे इथे एक ठरलेले उत्तर देतात. नियमाने सांगितलेली चाचणी आम्ही दिली, कागदावर आणि रस्त्यावर फरक साध्या गाडीतही पडतोच, मग आम्हालाच का धरता? फरक पडतो हे खरे, पण तो किती पडतो यात सगळे आहे. युरोपीय आयोगाने मार्च २०२४मध्ये गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधनमापकांची माहिती प्रसिद्ध केली. ती २०२१मध्ये नोंदलेल्या गाड्यांची होती. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचा रस्त्यावरचा धूर प्रयोगशाळेपेक्षा पाचव्या हिश्श्याच्या आसपास जास्त निघाला. प्लग-इन हायब्रिडचा साडेतीन पट. वीस टक्क्यांचा फरक गिऱ्हाईक मनातल्या मनात वजा करून घेतो. साडेतीन पटीला कोण काय वजा करणार?

आणि ही अडचण काही काल कळलेली नाही. ऑगस्ट २००९मध्ये जनरल मोटर्सने जाहीर केले, की येऊ घातलेली शेव्हरले व्होल्ट शहरात गॅलनला २३० मैल जाईल. आपल्या मापात लिटरला सुमारे ९८ किलोमीटर. गाडी बाजारात आली तेव्हा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने तिच्या काचेवर चिकटवायच्या पत्रकात दोन हिशोब वेगळे मांडले : विजेवर ३५ मैल, आणि वीज संपल्यावर पेट्रोलवर गॅलनला ३७ मैल. म्हणजे लिटरला पावणेसोळा. अठ्ठ्याण्णव कुठे आणि पावणेसोळा कुठे. तरीही व्होल्टच्या मालकांत नाराजीचा गदारोळ झाला नाही, कारण घेताना त्यांना दोन्ही आकडे ठाऊक होते. युरोपला हे उमगायला आणखी पंधरा वर्षे गेली. माणूस किती वेळ विजेवर चालवतो याचा तिथला अंदाज २०२५पासून नव्या मॉडेलांसाठी बराच खाली आणला आहे, आणि गाडी तीच असताना तिचा कागदावरचा धूर वाढला आहे.

इथून दुसरा पक्ष सुरू होतो. हे लोक शुद्ध विजेच्या गाडीचे भक्त. त्यांना युरोपचा 'साडेतीन पट' हा आकडा ब्रह्मास्त्रासारखा वाटतो. पाहा, प्लग-इन म्हणजे थोतांड, लोक केबलला हातही लावत नाहीत, पेट्रोलच जाळतात, वर बॅटरीचे वजन वाहतात. मला या मंडळींची चीड पटते, निष्कर्ष पटत नाही. कोण प्लग लावत नाही, हे त्यांनी विचारलेच नाही. युरोपातल्या या गाड्यांचा मोठा वाटा कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना दिलेल्या गाड्यांचा. कर वाचतो म्हणून कंपनी प्लग-इन घेते, कर्मचाऱ्याच्या हाती पेट्रोलचे कार्ड देते, आणि घरच्या विजेचे बिल मात्र त्याने स्वतः भरायचे. असा माणूस रात्री उठून केबल का लावील? फ्राउनहोफर आणि आयसीसीटी या संशोधन संस्थांच्या २०२२च्या पाहणीत कंपनीच्या गाड्यांचा विजेवरचा प्रवास अकरा ते पंधरा टक्के भरला. स्वतःच्या पैशाने गाडी घेतलेल्यांचा पंचेचाळीस ते एकोणपन्नास टक्के. यंत्र एकच होते, खिसे वेगळे होते.

इंदूरचा मध्यमवर्ग यातल्या कोणत्या बाजूला बसतो हे सांगायला पाहणी लागत नाही. इथे पेट्रोल लिटरला १०६ रुपयांच्या आसपास आहे आणि ते स्वतःच्या खिशातून भरायचे आहे. विजेचा किलोमीटर पेट्रोलच्या चौथ्या हिश्श्यात पडतो हे एकदा कळले, की माणूस जेवणे विसरेल, पण प्लग लावायला विसरणार नाही. अंतरेही सोयीची. महू तेवीसेक किलोमीटर, देवास पस्तीस-चाळीस, उज्जैन पंचावन्न. पीथमपूरच्या कारखान्यात रोज जाणाऱ्याची फेरी पन्नासेकाच्या घरात. विजेवर साठ-सत्तर किलोमीटर जाणारी गाडी असेल तर आठवड्याचे सहा दिवस पेट्रोलपंपाचे तोंड पाहायला नको. दिवाळीला किंवा लग्नकार्याला सगळे बिऱ्हाड पुण्या-नाशिकला निघाले, की घाटात चार्जर शोधत बसायला नको. इथल्या मराठी घरांचे अर्धे गणगोत महाराष्ट्रात असते, त्यामुळे वर्षातून दोन लांब फेऱ्या चुकत नाहीत. शुद्ध विजेच्या गाडीवाल्याला या दोन फेऱ्यांसाठी वर्षभर तिप्पट-चौपट बॅटरी वाहून न्यावी लागते. मग फुकटचे वजन कोण वाहतो?

अर्थात हे सगळे विजेवर खरोखर साठ किलोमीटर जाणाऱ्या गाडीचे. एप्रिल २०२३मध्ये मर्सिडीज-एएमजीची एक प्लग-इन इथे आली, किंमत तीन कोटी तीस लाख, विजेचा पल्ला बारा किलोमीटर. विजयनगरहून राजवाड्याला जाऊन परत येता येता संपायचा. तिच्यातली बॅटरी वेग वाढवण्यासाठी आहे, पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे, आणि कंपनीही बहुधा वेगळा दावा करणार नाही. तरी कायद्याच्या लेखी तीही प्लग-इन आणि सत्तर किलोमीटरवालीही प्लग-इन.

याच गाड्यांकडे बोट दाखवून तिसरा पक्ष म्हणतो, हे श्रीमंतांचे खेळणे आहे, त्यावर शाई कशाला खर्च करता? भारतात आजवर आलेल्या प्लग-इन गाड्यांची यादी पाहिली तर आक्षेप बिनतोड दिसतो. व्होल्वोची एक्ससी ९० २०१६मध्ये आली ती सव्वा कोटीला. पुढे बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, लँबोर्गिनी. पण सीमेपलीकडे पाहा. डिसेंबर २००८मध्ये चीनच्या बीवायडीने मोठ्या प्रमाणावर बनणारी पहिली प्लग-इन बाजारात आणली. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच कंपनीची छिन प्लस ही प्लग-इन सेडान तिथे ७९,८०० युआनपासून मिळू लागली, म्हणजे नऊ-साडेनऊ लाख रुपये. त्या वर्षी कंपनीने विकलेल्या सुमारे ४३ लाख गाड्यांपैकी २५ लाखांच्या आसपास प्लग-इन हायब्रिड होत्या. एवढे श्रीमंत चीनमध्येही नाहीत. गाडी महाग असते ती धोरणामुळे.

आपले धोरण काय सांगते? सप्टेंबर २०२५च्या फेरबदलानंतर विजेच्या गाडीवर ५ टक्के जीएसटी आहे. चार मीटरच्या आतली, लहान इंजिनाची पेट्रोलगाडी १८ टक्क्यांत बसते, मोठी ४० टक्क्यांत. प्लग-इनला वेगळे घर नाही. आकाराने मोठी असेल तर ४०च, मग ती विजेवर बारा किलोमीटर जावो की ऐंशी. दुसरीकडे, कंपन्यांच्या सरासरी धुरावर मर्यादा घालणाऱ्या नियमांत एक प्लग-इन विकली की ती अडीच गाड्या म्हणून मोजली जाते. तिथेही बारा आणि ऐंशी सारखेच. म्हणजे गिऱ्हाइकाला काही नाही, कंपनीला दीडपट बक्षीस, आणि पल्ल्याची चौकशी दोघांकडेही नाही. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४मध्ये हायब्रिड आणि प्लग-इनचा नोंदणीकर माफ केला तोही नावावरच. नुसत्या नावाला पैसे दिले की काय होते हे आपण पाहिले आहे. विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान देणाऱ्या २०१५च्या 'फेम' योजनेत विजेवर एक किलोमीटरही न जाणाऱ्या 'माइल्ड हायब्रिड' गाड्यांनी अनुदान खाल्ले, आणि २०१७मध्ये ते बंद करावे लागले.

म्हणून मागणी सरळ आहे. कर पल्ल्यावर लावा. चाळीस किलोमीटरच्या आत असेल तर सवलत शून्य, पुढे पल्ल्याबरोबर वाढती. आणि एसी-फ्रीजवर बीईईचा कागद चिकटलेला असतो तसा गाडीच्या काचेवर तीन आकड्यांचा कागद हवा : विजेवर किती किलोमीटर, शंभर किलोमीटरला किती युनिट, आणि रिकाम्या बॅटरीवर लिटरला किती. तिन्हींची भेसळ केलेला चौथा आकडा छापायला बंदी. मोजणार कुठे, अशी शंका इंदुरात तरी कुणी काढू नये. पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' या वाहनचाचणी केंद्राची ११.३ किलोमीटरची लंबगोल धावपट्टी आहे. जून २०२१मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकरांनी तिचे उद्घाटन केले. एका ठरावीक वेगाने धावताना गाडी किती इंधन खाते ते मोजणे हे तिच्या जाहीर कामांपैकी एक. बॅटरी रिकामी करून ताशी शंभरने फिरवा, आकडा मिळेल.

तोवर ज्याला आपल्यापुरता हिशोब करायचा आहे त्याच्यासाठी मी इंदूरचे भाव धरून मांडतो. वर्षाला शहरातले बारा हजार किलोमीटर. साध्या पेट्रोलगाडीला लिटरला पंधराने ८४,८०० रुपये. साध्या हायब्रिडला वीसने ६३,६०० रुपये. प्लग-इन युनिटला पाच किलोमीटर गेली आणि घरचे युनिट आठ रुपयांना धरले तर १९,२०० रुपये. म्हणजे साध्या हायब्रिडच्या तुलनेत वर्षाला ४४,४०० वाचतात, पाच वर्षांत सव्वादोन लाखांच्या जवळ. प्लग-इन साध्या हायब्रिडपेक्षा याहून फार महाग असेल तर तो सौदा नव्हे, हौस. आता दुसरी बाजू. २०२४मध्ये जगभरच्या बॅटरीची सरासरी किंमत युनिटमागे ११५ डॉलर होती. पंधरा युनिटची बॅटरी दीड लाखाची झाली. त्यावर ४० टक्के कर चढवला की दोन लाख दहा हजार. चार्जर, वायरिंग आणि कंपनीचा नफा अजून धरलेलाच नाही, आणि गिऱ्हाइकाची मर्यादा गाठून झाली. करच ५ टक्के असता तर बॅटरी एक लाख ५८ हजारांवर थांबली असती आणि उरलेल्या पासष्ट हजारांत बाकीचे बसवता आले असते.

सराफ्याच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्याने, ज्याची गाडी रात्री कुणाच्या तरी दुकानापुढे उभी असते, या हिशोबात पडू नये. त्याला घरचे युनिट मिळणार नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरचे युनिट वीस रुपयांच्या घरात गेले की वर्षाची बचत पंधरा हजारांवर येते, आणि लहान बॅटरी रोज बाहेर भरायला जाणे हा वेगळाच जाच. रोज दहा किलोमीटर फिरणाऱ्यालाही पाच वर्षांत काही वसूल व्हायचे नाही. रोज दीडशे चालवणाऱ्याने सरळ विजेची गाडी घ्यावी. उरला तो ज्याच्या घरी पार्किंग आहे आणि ज्याची रोजची फेरी चाळीस-पन्नासची आहे. त्याने शोरूममध्ये रिकाम्या बॅटरीवरचे अ‍ॅव्हरेज विचारावे आणि ते लेखी घ्यावे. विक्रेता पुन्हा पंचेचाळीस-बासष्टच सांगू लागला, तर साधी हायब्रिड बुक करून सव्वादोन लाख बँकेत टाकावेत.