दुमडीतली माया

गेल्या महिन्यात आमच्या घरी एका जीन्सवरून बराच वाद झाला. नातू बारा वर्षांचा आहे. वाढदिवसाला मावशीने आणलेली जीन्स त्याला कमरेत नेमकी बसली, पण पायांत चांगली चार बोटे लांब निघाली. सूनबाईचे म्हणणे, कोपऱ्यावरच्या आल्टरेशनवाल्याकडे देऊन ती कापून आणावी. अर्ध्या तासाचे काम. नातवाचे म्हणणे, कापायची नाही, खालून दुमडून घालायची. वर्गातली निम्मी मुले तशीच घालतात. अशा वेळी घरातले पुरुष जे करतात तेच आमच्या चिरंजीवांनी केले, म्हणजे मोबाइल तोंडासमोर धरला. अखेर निवाड्यासाठी प्रकरण माझ्याकडे आले. मी नातवाच्या बाजूने कौल दिला, तशी सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही फार लाड करता हं त्याचे. दुमडलेल्या पँटमध्ये अगदी टपोरी दिसतो तो!"

मला त्या क्षणी काही उत्तर सुचले नाही. पण हा लाडाचा प्रश्न नव्हता. पँटचा पाय कापावा की दुमडावा, या प्रश्नाचे उत्तर मी लहानपणी एकदा दिले होते आणि ते चुकले होते. त्याकडे येतोच. आधी या दुमडीची थोडी कुळकथा.

आजच्या मुलांना वाटते, जीन्स दुमडणे ही फॅशन आहे. मुळात ती होती निव्वळ अडचणीवरची तोड. अमेरिकेतल्या रिनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस आणि सॅन फ्रान्सिस्कोचा कापडव्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकलेल्या पँटचे पेटंट घेतले ते २० मे १८७३ रोजी. ही पँट खाणकामगारांची, गुराख्यांची, अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांची. तिचे कापड पहिल्या काही धुण्यांत सपाटून आटायचे, लांबीत जवळजवळ दहावा हिस्सा. म्हणजे चौतीस इंच लांबीची पँट एकतीसवर यायची. मग शहाणे गिऱ्हाईक काय करील? लांब घेईल आणि आटेपर्यंत खालून दुमडून घालील. मुलांच्या पँटींचेही तेच. पोर वाढेल तशी दुमड सोडत जायची. १९३० च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आधीच आटवून घेण्याची रीत काढली. ती जीन्सपर्यंत पोचली तसा दुमडीचा मूळ उद्योग कमी झाला. पण सवय राहिली, आणि सवयीची पुढे ऐट झाली. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' चित्रपटात मार्लन ब्रँडो जीन्स दुमडून मोटारसायकलवर बसला आणि जगभरच्या पोरांनी आपापल्या पँटी दुमडल्या. आपल्याकडे १९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये राज कपूरच्या पँटचे पायही वर दुमडलेले आहेत. ब्रँडोची दुमड मस्तीची, राज कपूरची फाटक्या खिशाची. दुमड एकच, अर्थ मात्र घालणाऱ्याप्रमाणे बदलतो.

इतर पँटींपेक्षा जीन्सचीच दुमड उठून का दिसते, याचेही कारण कापडाच्या विणीत आहे. डेनिममध्ये ताण्याचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि बाण्याचा आडवा धागा पांढरा. वीण तिरकी, उभा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो. त्यामुळे सुलट बाजू निळी दिसते आणि उलट बाजू पांढरट. पाय दुमडला की ही पांढरट बाजू बाहेर येते आणि निळ्या पँटला आपोआप काठ लागतो. टेरीकॉटची पँट दुमडून पाहा, असे काही दिसत नाही. जुन्या धोट्याच्या मागावर विणलेल्या डेनिमला तर खराच काठ असतो, बहुधा लाल धाग्याचा. शौकीन मंडळी तो दिसावा म्हणून मुद्दाम दुमडतात. आपल्या आज्या लुगडे घेताना आधी काठ चाचपत, त्यातलाच हा प्रकार. अमेरिकेत ग्रीन्सबरो येथे अशा मागांची 'व्हाइट ओक' ही नामांकित गिरणी होती. १९०५ साली सुरू झालेली ही गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद पडली. गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे १९८२ चा संप पाहिलेल्या मुंबईकराला वेगळे सांगायला नको. आणि मुंबईचा विषय निघालाच आहे तर सांगतो, इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द डुंगरी नावाच्या आपल्याकडच्या जाड्याभरड्या कापडावरून गेलेला आहे. मुंबईच्या डोंगरीशी त्याचे नाते सांगितले जाते.

आता माझी गोष्ट. १९६९ चा जून. मी सहावीत गेलो होतो. शाळेचा गणवेश म्हणजे पांढरा सदरा आणि खाकी हाफपँट. हाफपँट शिवताना शिंपीमामा आत चार बोटे कापड दुमडून ठेवायचे. मे महिना संपता संपता आई ती दुमड बोटभर उसवायची, पाण्याचा हात फिरवायची आणि तांब्यात निखारे घालून त्याने इस्त्री करायची. इस्त्री कितीही केली तरी एक गोष्ट लपायची नाही. वरचे खाकी वर्षभराच्या उन्हाने आणि सोड्याने विटलेले, आणि खाली उलगडलेली पट्टी गडद कोरी. मधे जुन्या घडीची पांढुरकी रेघ. शाळेच्या पहिल्याच दिवशी माझ्या पँटकडे पाहून वर्गातला एकजण ओरडला, "दुमजली!" ते नाव मला दिवाळीपर्यंत चिकटले.

दिवाळीत नवी हाफपँट शिवायची ठरली तेव्हा मी हटून बसलो. आत काही सोडायचे नाही, नेमकी शिवायची. आई म्हणाली, "वाढतं अंग आहे रे तुझं." मी दोन वेळा जेवलो नाही. अखेर तिने शिंपीमामांना सांगितले, "नेमकीच शिवा, कापड सोडू नका." शिंपीमामांनी गळ्यातली टेप तशीच धरून तिच्याकडे दोनदा पाहिले. म्हणाले, "वहिनी, पुन्हा विचार करा. पोराची जात काकडीसारखी वाढते." पण मी तिथेच तोंड फुगवून उभा होतो. पँट नेमकी शिवली गेली आणि ते वर्ष मी शाळेत ताठ मानेने हिंडलो.

पुढच्या जूनपर्यंत मी वीतभर वाढलो. पँट कमरेत लागेना आणि खाली मांडीवर चढून बसली. उसवायला आत काही नव्हते. त्या वर्षी थोरल्या बहिणीच्या दुखण्यात घरातला पैसा गेला होता आणि नव्या कापडाचे नाव काढण्याची सोय नव्हती. वडील तालुका कचेरीत कारकून. त्यांच्याकडे कचेरीच्या दोन पँटी होत्या. त्यांतली एक शिंपीमामांकडे गेली आणि तिची माझ्यासाठी हाफपँट होऊन आली. तो अख्खा पावसाळा वडील रात्री पँट धुऊन चुलीशेजारच्या दोरीवर टाकत आणि सकाळी तीच दमट पँट घालून कचेरीत जात. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. आज ते नाहीत, आणि पावसाळ्यात दमट कपड्यांचा वास आला की मला अजून ती दोरी दिसते.

शिंपी लोक कापडाच्या आत जादा भाग सोडतात, त्याला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात. हा शब्द कोणी योजला असेल त्याला माझा दंडवत. पुढे बँकेत असताना ग्रामीण शाखेत शिलाई मशिनच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. एकदा एका म्हाताऱ्या शिंप्याला मी विचारले होते, "आत एवढे कापड सोडता ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, मग कशासाठी?" तो म्हणाला, "सायेब, आज दिसत न्हाई. पन उद्या मानूस जाड हुतो, पोर उंच हुतं. तवा त्येला कळतं, शिंप्यानं आपला इचार केला हुता." बँकेत आम्ही याला राखीव निधी म्हणत होतो, पण त्याच्या शब्दात जास्त अर्थ होता.

आताच्या तयार कपड्यांत ही माया राहिलेली नाही. कारखान्यात एकेका इंचाचा हिशेब होतो, आणि हजारो पँटींतून बोटभर कापड वाचले तरी त्याचे ठाण होते. १९९५ साली अरविंद मिल्सने 'रफ अँड टफ' नावाचा जीन्सचा संच काढला होता. कापड, चेन, रिव्हेट, चामड्याची पट्टी, सगळे एका पिशवीत. किंमत १९५ रुपये. तो घ्यायचा आणि आपल्या शिंप्याकडून आपल्या मापाने शिवून घ्यायचा. शिंपी आणि जीन्स यांची तेव्हा गाठ पडली होती. पुढे तयार मालाची लाट आली आणि गल्लीतल्या शिंप्याच्या हाती मुख्यतः कापाकापीचे काम उरले. आपल्याकडे बहुतेक दुकानांत जीन्स घेताना कमरेचे माप विचारतात, पायांचे कोणी विचारत नाही. घेणारा बुटका असो की वाढत्या वयाचा, उरलेले कापड कापून टाकायचे, एवढाच उपाय सुचवला जातो. अशा वेळी पायाशी जी चार बोटे जादा मिळतात, तेवढीच काय ती तयार कपड्यातली माया. ती कात्रीखाली का घालायची?

कोणी म्हणेल, मग आत दुमडून टीप मारा. पातळ कापडाला ते ठीक आहे. डेनिम जाड, चार बोटे आत दुमडली तर घोट्याला काचते आणि पाय फुगीर दिसतो. म्हणून ती बाहेरच दुमडावी. सरळ पायाच्या पँटला दोन बोटांची एकच घडी शोभते. मोरी अरुंद असेल तर बोटभर रुंदीच्या दोन घड्या घालाव्यात, त्या खाली घसरत नाहीत. उंची कमी असलेल्याने रुंद घडी टाळावी. पांढरा पट्टा पाय मधेच तोडतो आणि माणूस आणखी आखूड दिसतो. सायकलवर साखळीच्या बाजूचा पाय दुमडला तर कापड साखळीत जात नाही आणि वंगण लागत नाही. पावसात चिखलाचे शिंतोडे दुमडीवर झेलले जातात. धुताना मात्र ती उलगडावी, झाडावी. तिच्यात वाळू, खडे, तिकिटांचे कपटे असा ऐवज जमतो. घडीची जागाही अधूनमधून बदलावी, कारण निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यात शिरत नाही, वरवर बसतो, आणि एकाच जागी घासले की तिथे पांढरी रेघ उमटते. माझ्या हाफपँटवर होती तशी.

दुमड म्हणजे गबाळेपणा, हा सूनबाईचा आक्षेपही मी उडवून लावत नाही. एक पाय वर, एक खाली, अशी घसरती पँट वाईटच दिसते. पण नीटनेटकी दुमड ही सभ्य पोशाखातली जुनी गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात कापड वाचावे म्हणून ब्रिटिश सरकारने १९४२ साली पुरुषांच्या पँटच्या दुमडीवर चक्क बंदी घातली होती. लोक मुद्दाम लांब पँट विकत घेत आणि घरी जाऊन दुमडून शिवत. १९४४ साली सरकारला बंदी उठवावी लागली. साहेबांना जे टपोरी वाटले नाही ते आपल्याला का वाटावे?

मला खरा सल आहे तो वेगळाच. दुकानातून महाग आणलेली जीन्स दुमडली की ती ऐट ठरते, आणि थोरल्या भावाची पँट दुमडून शाळेत आलेल्या मुलाला अजूनही हसणारे भेटतात. दोन्ही दुमडी सारख्याच. हसणाऱ्यांची नजर फक्त किंमत पाहते. फॅशनने एक उपकार नकळत केला आहे. आज दुमड घातलेले मूल गर्दीत एकटे पडत नाही. तेवढ्यासाठी तरी ही फॅशन आणखी काही वर्षे टिकावी, असे मला मनापासून वाटते. आणि उलगडलेल्या पट्टीची गडद रेघ कुठल्या मुलाच्या गणवेशावर दिसलीच, तर आपल्या मुलांना हसू देऊ नका. त्या घरात कोणीतरी वर्षभर आधी त्याच्या वाढीचा विचार केलेला असतो.

वडिलांच्या पँटची गोष्ट मी घरात कधी सांगितली नव्हती. त्या रात्री जेवणानंतर सांगितली. चिरंजीवांनी मोबाइल खाली ठेवला. सूनबाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती सुईदोरा घेऊन बसलेली दिसली. दुमड शाळेच्या सहलीत घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना कच्चे टाके घालत होती. मला म्हणाली, "बाबा, दोन बोटांची ठेवू की तीन?"

मी म्हटले, "दोनच ठेव. पण टाके सैल घाल, जूनमध्ये उसवायचे आहेत."