शिल्लक बंदराची, पीक शेतकऱ्याचे



नेदरलँड्सच्या व्यापारशिलकीचे कौतुक करणारे पत्र वाचले. आकड्यांबद्दल वाद नाही, निष्कर्ष मात्र पटला नाही. त्या देशाच्या निर्यातीत पुनर्निर्यातीचा वाटा फार मोठा आहे. परदेशी माल रॉटरडॅमला उतरतो आणि जर्मनीसारख्या शेजाऱ्यांकडे रवाना होतो. नाशिकची द्राक्षेही आपल्या दफ्तरी नेदरलँड्सच्या खात्यावर लागतात. खाणारे अनेकदा दुसऱ्याच देशातले असतात. त्यामुळे ‘आमच्या शेतकऱ्यांनी डच शेती शिकावी’ हा त्या पत्रातला सल्ला अर्धाच आहे. बंदर, शीतगृहे आणि प्रतवारी यांची साखळी हे त्यांचे खरे बळ. आपल्याकडे जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खान्देशात पिकवणारे कमी नाहीत. कमी पडते ती काढणीनंतरची सोय. ती उभारणे एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. सल्ला द्यायचाच तर सरकारला द्यावा.

– एक वाचक, पाचोरा (जि. जळगाव)